तत्त्वज्ञानाचा अभ्यास: वाचलेले कळते, पण लिहिताना युक्तिवाद हातात राहत नाही

नवीपाटी:

पदवीला तत्त्वज्ञान घेतले आहे, पहिले वर्ष. या सत्रात ज्ञानमीमांसा, प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान, भारतीय दर्शनांची ओळख आणि तर्कशास्त्र असे चार पेपर आहेत. आठवड्याला मूळ ग्रंथांतली साधारण साठ पाने वाचायची असतात.

वाचताना एकेक वाक्य कळते. प्रकरण संपल्यावर मात्र लेखकाने नक्की काय सिद्ध केले ते चार ओळींत सांगता येत नाही. पहिल्या निबंधावर शेरा मिळाला: ‘माहिती बरोबर, युक्तिवाद नाही.’ म्हणजे नेमके काय करायला हवे? पुढचा निबंध १५०० शब्दांचा आहे: ‘ज्ञान म्हणजे समर्थनासह असलेला सत्य विश्वास, ही व्याख्या पुरेशी आहे का?’

तर्कशास्त्रात सत्यता-कोष्टके जमतात, पण भाषेतले वाक्य चिन्हांत मांडताना निम्मी उत्तरे चुकतात. आणि एक शेवटचे: संस्कृत किंवा ग्रीक येत नसेल तर कितपत अडते?

पूर्वोत्तर:

आधी वाचनाचे बघू, कारण निबंधाचे दुखणेही तिथूनच सुरू होते.

साठ पाने सारख्याच बारकाईने वाचायचा प्रयत्न सोडा. तत्त्वज्ञानाच्या मजकुराला तासाला सहा-सात पाने हा चांगला वेग आहे, कठीण जागी तीनसुद्धा. वर्गात ज्यांच्यावर चर्चा होणार ती दहा-बारा पाने निवडा आणि वेळ त्यांना द्या. बाकीची एकदा सलग, पेन न उचलता वाचली तरी चालतील.

निवडलेल्या पानांवर पहिल्या वाचनात एवढेच शोधायचे: निष्कर्षाचे वाक्य कुठे आहे? ते शेवटीच असेल असे नाही, पुष्कळदा प्रकरणाच्या दुसऱ्या परिच्छेदातच सांगून टाकलेले असते. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात त्याचे काम लिहा: व्याख्या, आधार, उदाहरण, आक्षेप, आक्षेपाला उत्तर, विषयांतर. लक्षात घ्या, काम लिहायचे, आशय नाही. ‘इथे सवयीबद्दल बोलतो’ अशी टीप आठवड्याने निरुपयोगी होते. ‘इथे आधीच्या आक्षेपाचे उत्तर सुरू’ ही परीक्षेपर्यंत उपयोगी पडते. तिसऱ्या खेपेला पुस्तक मिटायचे आणि युक्तिवाद क्रमांक घालून स्वतःच्या शब्दांत कोऱ्या कागदावर मांडायचा.

डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाचा अनुमानाविषयीचा प्रसिद्ध युक्तिवाद घेऊ. मानवी आकलनावरच्या त्याच्या १७४८ च्या ग्रंथात तो चौथ्या प्रकरणात आहे. मांडल्यावर तो असा दिसतो:

१. न अनुभवलेल्या घटनांविषयीचे आपले सगळे अनुमान ‘पुढेही मागच्यासारखेच घडेल’ या गृहीतावर उभे असते.
२. हे गृहीत शुद्ध तर्काने सिद्ध होत नाही, कारण त्याच्या उलट कल्पना करण्यात आत्मविसंगती नाही.
३. अनुभवानेही सिद्ध होत नाही, कारण अनुभवावरून पुढचे सांगताना तेच गृहीत आधी वापरावे लागते.
४. तर्क आणि अनुभव यांखेरीज सिद्ध करण्याचा तिसरा मार्ग नाही.
५. म्हणून या गृहीताला बुद्धीचा आधार नाही.

आता एकेक पायरी काढून बघा, निष्कर्ष उभा राहतो का. चौथी पायरी ग्रंथात एका वाक्यात येऊन जाते आणि वाचताना सहज निसटते, पण ती काढली की पाचवी पडते. अशी निसटणारी पायरी तुम्ही शोधून लिहिलीत तर तो युक्तिवाद तुम्हाला कळला असे समजायला हरकत नाही. निबंधात बोट ठेवायची जागाही बहुतेकदा हीच असते.

या उताऱ्यावर हमखास होणारी चूक म्हणजे ‘ह्यूमच्या मते उद्या सूर्य उगवेलच असे मानणे चूक आहे’ असे लिहिणे. तो तसे म्हणत नाही. आपण असे मानतो आणि मानत राहू. मात्र त्यामागे बुद्धीचे समर्थन नसून सवय आहे, एवढेच त्याचे म्हणणे आहे. चार्वाकाशी तुलना करताना हाच फरक ठेवा. व्याप्ती, म्हणजे ‘जिथे जिथे हेतू (धुरासारखी खूण) तिथे तिथे साध्य (अग्नीसारखी सिद्ध करायची गोष्ट)’ हा नियम, खात्रीने कळूच शकत नाही, म्हणून अनुमान हे प्रमाण (ज्ञानाचे खात्रीचे साधन) नाही असे चार्वाकाचे मत सांगितले जाते. अडचण दोघांनी एकच दाखवली, पण तिच्यातून काढलेले निष्कर्ष निराळे आहेत.

वाचनातली दुसरी मोठी चूक म्हणजे कोण बोलते आहे हे न बघणे. ‘न्याय म्हणजे बलवानाचे हित’ हे वाक्य प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ३३८क या ठिकाणी आहे, पण ते थ्रॅसिमाखस या संवादातल्या पात्राच्या तोंडी आहे आणि उरलेल्या ग्रंथाचा मोठा भाग त्याचे उत्तर देण्यात जातो. ते ‘प्लेटो म्हणतो’ असे लिहिले की उत्तरपत्रिका तिथेच बुडते. संस्कृत भाष्यांत हे ओळखणे उलट सोपे आहे. ‘ननु’, ‘स्यादेतत्’ इथे बहुधा पूर्वपक्ष (विरोधकाचे म्हणणे) सुरू होतो; ‘इति चेत्, न’ किंवा ‘अत्रोच्यते’ आले की सिद्धान्ती (ज्याचे मत ग्रंथ मांडतो तो) बोलू लागतो. भाषांतर वाचत असलात तर या जागा पेन्सिलीने खुणा करून ठेवा, कारण भाषांतरात त्या ‘पण’ आणि ‘तर’ यांच्यात विरघळून जातात.

समासटीप:

निबंधावर लिहितो. ‘माहिती बरोबर, युक्तिवाद नाही’ या शेऱ्याचा अर्थ असा: कोण काय म्हणाले ते तुम्ही सांगितले, पण त्यातले काय मानायचे आणि का, हे सांगितले नाही. १५०० शब्दांत एकच गोष्ट सिद्ध करायची असते, आणि ती बरीच लहान असावी लागते.

तुमचाच विषय घेऊ. ‘ज्ञानाच्या व्याख्येबाबत अनेक मते आहेत आणि प्रत्येकात तथ्य आहे’ ही भूमिका नव्हे. ‘गेटियरमुळे पारंपरिक व्याख्या कोसळते’ ही भूमिका आहे, पण ती गेटियर या तत्त्वज्ञाची झाली, तुमची नाही.

एडमंड गेटियरचा १९६३ चा लेख अवघ्या तीन पानांचा आहे. तो स्वतः वाचा, सारांशावर भागवू नका. त्यातले पहिले उदाहरण असे. एका नोकरीसाठी स्मिथ आणि जोन्स दोघांचे अर्ज आहेत. नोकरी जोन्सला मिळणार आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत, याचा भक्कम पुरावा स्मिथकडे आहे. त्यावरून तो म्हणतो, ‘ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत.’ प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते, आणि योगायोगाने त्याच्याही खिशात दहा नाणी असतात. विश्वास आहे, तो सत्य आहे, समर्थनही आहे. तरी हे ज्ञान म्हणवत नाही.

यावर सुचवलेली सगळ्यात सरळ दुरुस्ती म्हणजे चौथी अट: समर्थन कोणत्याही खोट्या पायरीवरून गेलेले नसावे. स्मिथची ‘जोन्सला नोकरी मिळेल’ ही पायरी खोटी होती, म्हणून तो अडकतो. पण आता बनावट कोठारांचे उदाहरण घ्या. एका प्रदेशात कोठारांचे नुसते दर्शनी देखावे उभे केले आहेत, खरे कोठार एकच. प्रवाशाची नजर नेमकी त्याच एकावर पडते आणि तो म्हणतो, ‘हे कोठार आहे.’ त्याने कुठल्याही खोट्या विधानावरून अनुमान केलेले नाही, त्याने फक्त पाहिले. तरी हा नशिबाचाच भाग वाटतो.

इथे १५०० शब्दांत मावणारी भूमिका तयार होते. उदाहरणार्थ: ‘खोटी पायरी नको ही अट गेटियरची उदाहरणे अडवते, बनावट कोठारांचे अडवत नाही, म्हणून ती जोडूनही व्याख्या पुरेशी होत नाही.’

शब्दांची वाटणी साधारण अशी ठेवा: प्रश्न आणि भूमिका १०० ते १२०, व्याख्या आणि गेटियरचे एक (दोन नव्हे) उदाहरण ३५०, चौथी अट आणि ती कुठे कमी पडते ५००, तुमच्यावरचा सगळ्यात जबर आक्षेप आणि त्याचे उत्तर ४५०, उरलेल्या शब्दांत, हे उत्तर मान्य केले तर पुढे काय मानावे लागते ते.

आक्षेपाचा भाग सगळ्यात जास्त गुण देतो आणि मुले तोच शेवटच्या तीन ओळींत उरकतात. पाच किरकोळ आक्षेप नकोत, एकच घ्या आणि तो विरोधकाने स्वतः मांडला असता तितक्या ताकदीने मांडा. इथे तो असा येईल: प्रवाशाच्या मनात ‘या भागात जे कोठारासारखे दिसते ते कोठारच असते’ हे गृहीत होतेच, आणि ते खोटे आहे, म्हणजे चौथी अट त्यालाही अडवते. यावर तुमचे उत्तर असे देता येईल: न उच्चारलेली पार्श्वभूमीची गृहीतेही मोजायची ठरवली, तर कुठले ना कुठले खोटे गृहीत प्रत्येकाच्या मनात असतेच, आणि मग रोजचे साधे ज्ञानही ज्ञान उरत नाही. ही अट हवी तितकीच छाटायची तर कोणती गृहीते मोजायची हे सांगणारा वेगळा निकष लागेल, आणि तो देण्याची जबाबदारी विरोधकावर येते.

हे सगळे करूनही निबंध बिघडतो तो दोन-तीन ठराविक सवयींनी. ‘प्राचीन काळापासून मानवाला ज्ञानाची ओढ आहे’ असली सुरुवात काढून टाका, पहिल्याच वाक्यात प्रश्न घ्या. शब्दकोशातली व्याख्या देऊ नका. ज्या शब्दावर वाद आहे त्याचा निकाल कोश लावत नाही. एकाच गोष्टीला मधेच दुसरा शब्द वापरू नका. शाळेत पुनरुक्ती टाळायला शिकवतात, पण इथे ‘समर्थन’ म्हणून सुरू केलेली गोष्ट चौथ्या परिच्छेदात ‘पुरावा’ झाली तर परीक्षकाला वाटते तुम्ही दुसऱ्याच अटीबद्दल बोलताय.

लिहून झाल्यावर न्यायदर्शनाच्या पाच अवयवांची चाळणी लावून पाहा: प्रतिज्ञा (काय सिद्ध करायचे), हेतू (का), उदाहरण, उपनय (ते इथे लागू करणे), निगमन (निष्कर्ष). मुलांच्या निबंधांत बहुधा उपनय गळालेला असतो. म्हणजे सामान्य नियम सांगितला, उदाहरण दिले, पण ‘आपल्या प्रकरणात ते असे लागू होते’ हे वाक्य लिहिलेच नाही. ते एक वाक्य घातले की परिच्छेद सांधला जातो.

जाता जाता, भारतीय दर्शनांच्या पेपरलाही हाच विषय उपयोगी आहे. श्रीहर्षाने १२ व्या शतकात ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात मुठीतल्या कवड्यांची संख्या अंदाजाने सांगितली आणि ती बरोबर निघाली, तर त्याला प्रमा (यथार्थ ज्ञान) म्हणायचे का, अशी अडचण उभी केली आहे. मात्र ‘गेटियरच्या आधीच हे आपल्याकडे होते’ असे लिहून थांबू नका. श्रीहर्षाला नवी व्याख्या शोधायची नव्हती. प्रमेची कोणतीच व्याख्या टिकत नाही असे त्याला दाखवायचे होते. तो फरक सांगितला तर तुलनेला वजन येते.

क_म्हणून_ख:

तर्कशास्त्रातली निम्मी उत्तरे चुकतात म्हणालात, त्यातल्या बऱ्याच चुका मराठीच्या वळणामुळे होतात.

‘तर’ आणि ‘तरच’ वेगळे करा. ‘अर्ज केला तरच प्रवेश मिळेल’ या वाक्यात अर्ज आधी येतो म्हणून हात आपोआप त्याला पूर्वांगात (‘जर’च्या भागात) टाकतो. पण वाक्य म्हणते की अर्ज आवश्यक आहे, म्हणजे प्रवेश मिळाला असेल तर अर्ज केलेला असणारच. म्हणून ‘प्रवेश’ पूर्वांगात, ‘अर्ज’ उत्तरांगात (‘तर’च्या भागात). बोलताना आपण ‘तरच’मध्ये ‘केला की मिळेलच’ हेही मनात धरतो. परीक्षेत ते धरू नका, वाक्यात नाही.

‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ हे मराठीत खरोखर दुहेरी वाक्य आहे: ‘एकही आला नाही’ असाही अर्थ होतो आणि ‘सगळेच आले असे नाही, काही राहिले’ असाही. पहिल्यात निषेध संख्यापकाच्या (‘सर्व’, ‘काही’ अशा शब्दाच्या) आत बसतो, दुसऱ्यात बाहेर. चिन्हे लिहिण्याआधी मूळ वाक्य या दोनपैकी एका स्पष्ट रूपात पुन्हा लिहून घ्या. संदर्भावरून ठरत नसेल तर दोन्ही रूपे द्या आणि तसे नोंदवा.

‘सर्व’ असेल तिथे आत जर-तर येते, ‘काही’ असेल तिथे ‘आणि’. हे नुसते पाठ करू नका, कारण बघा. ‘काही कवी तत्त्वज्ञ आहेत’ हे तुम्ही जर-तरने मांडलेत, तर तुम्ही म्हटले: अशी एक वस्तू आहे की ती कवी असेल तर ती तत्त्वज्ञ आहे. रस्त्यावरचा कोणताही दगड हे विधान सत्य करतो. दगड कवी नाही, पूर्वांग असत्य, म्हणून सगळे जर-तर वाक्य सत्य! एकदा हा दगड डोळ्यासमोर राहिला की ही चूक पुन्हा होत नाही.

सत्यता-कोष्टक जमते हे चांगलेच, पण चल वाढले की ते अंगावर येते: तीन विधानांना ८ ओळी, पाचांना ३२. तिथे उलटे जा. निष्कर्ष असत्य आणि सगळी आधारविधाने सत्य असे धरा आणि मूल्ये भरत चला. विसंगती अटळ झाली तर युक्तिवाद वैध. एकदाही न अडखळता सगळी मूल्ये भरली गेली तर तीच ओळ अवैधतेचा पुरावा. वाटेत निवड करावी लागली तर दोन्ही फांद्या तपासा. एका फांदीत विसंगती आली म्हणून ‘वैध’ लिहून मोकळे होणे ही इथली नेहमीची चूक.

पारंपरिक संवाक्य (दोन आधारविधानांवरून निष्कर्ष काढणारा युक्तिवाद) आणि आधुनिक तर्कशास्त्र एकाच पेपरात असतील तर आणखी एक जागा सांभाळा. परंपरेत ‘सर्व क ख आहेत’ यावरून ‘काही क ख आहेत’ काढता येते, आधुनिक पद्धतीत येत नाही, कारण क नावाचे काही अस्तित्वातच नसेल. त्यामुळेच संवाक्याच्या २५६ आकारांपैकी परंपरेने वैध धरलेले २४ आधुनिक वाचनात १५ उरतात. प्रश्न कोणत्या चौकटीतला आहे ते आधी बघा.

रोज तीसेक मिनिटे, सहा-आठ उदाहरणे. आठवड्याचा अभ्यास रविवारी एका बैठकीत करणाऱ्याला सिद्धता पुस्तकात दिसते पण सुचत नाही.

कोशवाली:

भाषेच्या प्रश्नावर. पदवीपर्यंत भाषांतरांवर अभ्यास व्यवस्थित होतो. संशोधनाला गेलात आणि विषय प्राचीन असला तर मूळ भाषा शिकावीच लागेल. पण आत्ताही तीस-चाळीस मूळ संज्ञा पक्क्या हव्यात, कारण भाषांतर कधी कधी वाट चुकवते. अॅरिस्टॉटलची ‘युडायमोनिया’ मराठीत ‘सुख’ झाली की वाचक तिला भावना समजतो. त्याच्या दृष्टीने ती सद्गुणांना धरून जगलेल्या आयुष्याची अवस्था आहे, घटकाभराचा आनंद नाही.

एक संज्ञावही करा आणि प्रत्येक शब्दापुढे चार गोष्टी लिहा: कोणाचा, व्याख्या, एक उदाहरण, आणि त्यातून काय वगळले जाते. चौथा रकाना सगळ्यात मोलाचा. ‘प्रत्यक्ष’ हा शब्द घ्या. बौद्ध तार्किक दिङ्नागाच्या मते प्रत्यक्ष कल्पनेपासून (म्हणजे नाव, जात वगैरे जोडण्यापासून) मुक्त असते, म्हणून ‘ही गाय आहे’ हे शब्दात पकडलेले ज्ञान त्यातून बाहेर पडते. नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) निर्विकल्पक (नाव न जोडलेले) आणि सविकल्पक (नाव जोडलेले) असे दोन्ही प्रत्यक्ष मानतात, म्हणून तेच ज्ञान त्यांच्याकडे आत राहते. शब्द एकच असल्यामुळे दोघांचा वाद वाचताना ते एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत असे वाटते, आणि मग अर्धा वाद कळत नाही.

संदर्भ देताना पान क्रमांकावर विसंबू नका, आवृत्तीगणिक तो बदलतो. प्लेटोला १५७८ च्या स्टेफानस आवृत्तीचे आकडे आणि अक्षर (वर आलेले ३३८क तेच), अॅरिस्टॉटलला बेकरच्या आवृत्तीचे आकडे, कांटच्या शुद्ध बुद्धीच्या चिकित्सेला १७८१ ची पहिली आणि १७८७ ची दुसरी आवृत्ती दाखवणारी अक्षरे आणि पाने. चांगल्या भाषांतरात हे समासात छापलेले असते. नसेल तर ते भाषांतर अभ्यासाला घेऊ नका.

स्टॅनफर्डचा ऑनलाइन तत्त्वज्ञानकोश जरूर वापरा, पण मूळ उतारा एकदा स्वतः मांडून झाल्यावर. आधी कोश वाचला की उताऱ्यात कोशातलेच दिसू लागते.

नवीपाटी:

सगळ्यांचे मनापासून आभार. गेटियरचा लेख वाचून भूमिका अशी लिहिली आहे, बघाल का? ‘खोटी पायरी नको ही चौथी अट अपुरी आहे, म्हणून ती ज्ञानाच्या व्याख्येतून काढून टाकली पाहिजे.’

समासटीप:

पहिला अर्धा भाग ठीक, ‘म्हणून’च्या पुढचा निसटला. बनावट कोठारांवरून एवढेच सिद्ध होते की चारही अटी मिळून पुरेशा नाहीत. अट काढून टाकायची तर ती आवश्यकही नाही हे दाखवावे लागेल, आणि त्याला दुसऱ्या प्रकारचे उदाहरण लागते: खोट्या पायरीवरून गेलेले तरीही ज्ञान असलेले. असे उदाहरण मिळते. सभेत मी माणसे मोजली, ५३ भरली, प्रत्यक्षात होती ५२. त्यावरून मी म्हटले, १०० प्रती पुरतील. पायरी खोटी आहे, पण प्रती पुरतील हे मला माहीत नव्हते असे म्हणणे कठीण आहे.

दोन्ही एकाच निबंधात घेऊ नका, १५०० शब्दांत मावणार नाही. ‘पुरेशी नाही’ ठेवायचे असेल तर ‘काढून टाकली पाहिजे’ खोडा. ‘आवश्यक नाही’ हे घ्यायचे असेल तर कोठारे वगळा आणि मोजणीचे उदाहरण मध्यभागी आणा. मग विरोधक म्हणेल की माझा खरा आधार ‘५३ आहेत’ हा नसून ‘पन्नासच्या आसपास आहेत’ हा होता, आणि तो सत्य आहे. आक्षेपाचे ४५० शब्द तिथे खर्च करा. पण विषयात ‘पुरेशी आहे का’ असे विचारले आहे, तेव्हा पहिला रस्ता घेतलेला बरा.